पाठमोरे मास्तर

आमचे मास्तर सूर ऐकताना आमच्याकडे पाठ करून उभे राहत. चॅपेलच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे शनिवारी संध्याकाळी आमच्या बँडची तालीम भरे. गणवेशाचा कोट खुंटीला, ट्रम्पेट खुर्चीवर, हात पाठीमागे बांधलेले आणि तोंड भिंतीकडे, अशा अवस्थेत ते म्हणत, "चला." मग आम्ही एकेकाने एकच सूर दम असेपर्यंत धरायचा. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, युफोनियम आणि शेवटी ढोलाचे काही ठोके. सगळ्यांचे झाले की मास्तर वळत आणि आज कोण कोणाच्या शेजारी उभा राहील ते सांगत. कारण सांगत नसत.

या सवयीची तीन स्पष्टीकरणे मी त्यांच्या शोकसभेत एका बैठकीत ऐकली. एकाने तिला घमेंड ठरवले, दुसऱ्याने अधू नजरेची लाज, आणि मास्तरांच्या जावयांनी तिला ध्यानधारणा म्हटले. तिन्ही चूक आहेत. हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी स्वतः मास्तरांना विचारले होते. इतरांनी विचारण्याची तसदी घेतली नाही. ते म्हणाले होते, "गुरुजी, तोंड बघितलं का मी फसतो. हसरं तोंड कोन पन आनतो. फुंकेला नाटक न्हाय जमत."

"आणि ढोलाला कुठे फुंक असते?" मी विचारले. प्रश्न अर्धवट सोडण्याची मला सवय नाही.

"असते ना. दोन ठोक्यांच्या मधी बाळू दम घेतो. तो ऐकायचा."

मी भाईंदरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. क्लॅरोनेट वडिलांकडून आलेली. मी जुन्या भाईंदरातला कोळी, मास्तर उत्तनच्या बाजूचे ख्रिस्ती. आठवडाभर ते भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करीत आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या गावांची लग्ने आणि मयते वाजवीत. वयाने आम्ही बरोबरीचे होतो, तरी ते मला गुरुजी म्हणत आणि मी त्यांना मास्तर. शोकसभेच्या फलकावर त्यांचे खरे नाव वाचले तेव्हा क्षणभर मला कळेना, की हे कोण गृहस्थ वारले.

मास्तरांचे जावई कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना नेतृत्व कसे करावे ते शिकवतात. त्या दिवशी ते चांगले बोलले. आपले सासरे म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचा मूर्तिमंत नमुना होते, स्वतःचे मन ताब्यात ठेवून दुसऱ्याचे मन ओळखणारा माणूसच खरा पुढारी होतो, असे ते म्हणाले. या व्याख्येशी माझे भांडण नाही. माझ्या वर्गात असते तर मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. परंतु पुढे ते म्हणाले की मास्तर कधी रागावले नाहीत, आणि माणूस ओळखण्यात ते उभ्या आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. तेव्हा मी उठून उभा राहिलो. शेजारी बसलेल्या बाळूने माझा सदरा धरून मला खाली ओढले. "गुरुजी, मयताच्या घरी तरी बसा गप," तो म्हणाला. तिथे जे बोलू दिले नाही, ते आता लिहितो.

मास्तर रागावत नसते, तर या बाळूचे आयुष्य पुष्कळ सुखात गेले असते. बाळू आमचा ढोलवाला. माझ्याच आळीतला, पिंपासारखा रुंद आणि तितकाच निश्चिंत. बँडमध्ये कोणीही चुकले तरी मास्तर बाळूवर ओरडत. एकदा डेनिस नावाचा आमचा तरणा ट्रम्पेटवाला तालमीला अर्धी तालीम उलटल्यावर आला. घरी बापाशी भांडून आला होता; डोळे लाल होते. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते बाळूकडे वळले आणि असे कडाडले, की चॅपेलच्या कौलांवरची कबुतरे उडाली. "वेळेला यायचं न्हाय तर ढोल इकून टाक! इथं काय खानावळ हाय, कवा पन यायला?" बाळू तर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला. त्याने कान खाजवला आणि विचारले, "मास्तर, आज कुनाच्या वाटनीचं हाय हे?"

सगळे हसले. डेनिसही हसला, आणि पुन्हा कधी उशिरा आला नाही. नंतर मी मास्तरांना स्पष्ट सांगितले, की हा अन्याय आहे. ते म्हणाले, "हायच. पन डेनिसला आज एक शब्द जास्त झाला असता तर तो घरीच गेला असता, आनि घर आज त्याला बरं न्हाय. बाळूला किती पन द्या, त्याला रातची झोप लागते." पुढे म्हणाले, "तरी येताना त्याच्यासाठी बोंबील आनतो मी. फुकट न्हाय घेत." राग त्यांना सर्वांइतकाच येई. तो कोणाच्या अंगावर टाकला तर कोणी मोडणार नाही, एवढेच ते पाहत. ज्यांनी त्यांना शांत म्हटले, त्यांनी त्यांना फक्त नातवंडांबरोबर पाहिले असावे.

माझ्या बाबतीतही त्यांनी एक युक्ती केली होती. ती मला पहिल्याच महिन्यात कळली होती, हे येथे नोंदवून ठेवतो. ती उशिरा कळली असे बाळू सांगत फिरतो. मी प्रत्येक चालीबद्दल वाद घालीत असे, आणि बहुतेक वेळा माझेच बरोबर असे. मास्तर म्हणत, "भांडा गुरुजी, जरूर भांडा. पन एकदा माझ्यासारखं वाजवा, मग भांडा." वाजवून होईपर्यंत निम्मे भांडण क्लॅरोनेटमधून निघून जाई. शिवाय बँडमधला जो माणूस त्या दिवशी सर्वांत विस्कटलेला असेल, त्याला ते माझ्या शेजारी उभे करीत. "गुरुजी भांडखोर हायत, पन त्यांचा दम सरळ हाय," असे ते माझ्या पाठीमागे म्हणाल्याचे मला सायमनने सांगितले होते. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मला शाल मिळाली. तिच्यापेक्षा मी हे वाक्य अधिक जपले आहे.

आता सायमनकडे आले पाहिजे, कारण मास्तरांविषयीचे सर्वांत मोठे असत्य त्याच्यापासून सुरू होते. डेनिस आज स्वतःचा बँड चालवतो. गाडीवर भोंगे, रंगीत दिवे, सगळे आहे. तो मनाने वाईट नाही. पण मास्तरांची आठवण काढताना तो आवाज खाली आणून म्हणतो, "लास्टला मास्तरांचं डोकं थोडं हललेलं. लग्नात मयताची चाल वाजवली त्यांनी. पण जाऊ दे ना, एज झालं होतं." गावातले लोक याहून वाईट बोलतात. ते म्हणतात, मास्तर पिऊन आले होते.

सायमन गेल्या महिन्यात वारला. त्याला माती दिल्यानंतर त्याची बायको रोझी मला म्हणाली, "गुरुजी, आता सांगा. त्यालाच सांगायचं होतं, मास्तरांनी सांगू न्हाय दिलं." मीही मास्तरांना शब्द दिला होता, की सायमन असेपर्यंत तोंड उघडणार नाही. तो शब्द मी पाळला; शोकसभेत उठलो होतो, तोही फक्त रागाबद्दल बोलायला. मला ओळखणाऱ्यांना कळेल, की मला तो किती जड गेला असेल.

सायमन आमचा दुसरा ट्रम्पेटवाला. मितभाषी, उंच, किंचित वाकलेला. त्याची थोरली मुलगी तापाचे निमित्त होऊन गेली; तिचे लग्न ठरलेले होते. घरच्या मयताला घरच्याने वाजवायचे नाही, ही आमच्या बँडची रीत. सायमनला ती ठाऊक होती. तरी तो गणवेश घालून, ट्रम्पेट काखेत मारून दारात उभा राहिला. मास्तर त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी हलकेच ते ट्रम्पेट काढून घेतले. "आज तू बाप हाय. वाजवायला आमी हाव," ते म्हणाले. सिमेट्रीपर्यंत तो रिकाम्या हाताने चालला. आम्ही मयताची चाल वाजवीत होतो आणि त्याच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर तीच चाल दाबीत होती. ते मी पाहिले. मास्तर पुढे होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती, आणि दाबलेल्या बोटांना आवाज नसतो.

काही आठवड्यांनी त्याच गावात, जे मास्तरांचेही गाव होते, एक लग्न निघाले. लग्नाच्या आदल्या दिवशी या गावांतून वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. लुगडी नेसलेल्या बायका, घागरी, गाणी आणि पुढे बँड. निघण्यापूर्वी शेडमध्ये नेहमीप्रमाणे सूर झाले. सायमनने जो सूर धरला तो पट्टीने रेघ ओढावी तसा होता. कंप नाही, चढ नाही, उतार नाही. इतका निर्दोष सूर त्याने कधीच लावला नव्हता. मास्तर सूर संपण्याआधीच वळले. तसे करताना मी त्यांना प्रथमच पाहिले.

"सायमन, घरी जातो?"

"न्हाय मास्तर. घरी काय हाय?"

मास्तरांनी त्याचा खांदा धरून त्याला माझ्याकडे आणले. मग मला म्हणाले, "गुरुजी, त्याच्या बाजूला ऱ्हावा. त्याच्या दमाबरोबर दम घ्या."

विहिरीपर्यंत सगळे नीट झाले. परतताना एक गाणे संपले, बाळूने ढोल चालू ठेवला, आणि पुढचे गाणे मास्तरांनी सुरू करायचे होते. त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावण्यापूर्वीच माझ्या शेजारी सायमनने सूर लावला. ती मयताची चाल होती. संथ, सिमेट्रीच्या वाटेवर वाजते तशी. त्याचे डोळे उघडे होते, पण तो त्या रस्त्यावर नव्हता. समोरच्या बायकांची पावले अडखळली. डोक्यावर घागर घेतलेल्या एका म्हातारीने चालता चालता कपाळाला आणि छातीला हात लावून क्रूसाची खूण केली.

मग मास्तरांनी जे केले ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे. ऐकीव गोष्ट सांगत नाही. दुसरा एखादा पुढारी असता तर त्याने मोठ्याने लग्नाचे गाणे सुरू करून सायमनला बुडवले असते, नाहीतर हात वर करून बँड थांबवला असता. दोन्ही बाबतींत सगळ्या गावाने वळून त्या एका माणसाकडे पाहिले असते. मास्तरांनी मयताचीच चाल उचलली. बाळूच्या ढोलावर ती दुप्पट लयीत घेतली, कोपराने आम्हाला खूण केली, आणि आम्ही सगळे तिच्यात शिरलो. पोरांना काही कळले नाही. ती नाचत राहिली. सायमन भानावर आला तेव्हा त्याच्या चहूबाजूंनी आख्खा बँड तीच चूक वाजवीत होता, आणि ती सुरू कोणी केली हे कोणाला सांगता आले नसते.

नवरीचा बाप गर्दीतून आला. त्याने मास्तरांचा दंड धरला.

"मास्तर, लगीन हाय का मयत हाय माझ्या घरी?"

"चूक झाली. मी चालू केलं."

"तू? तू चालू केलं? पिऊन आला काय रे?"

सायमनने तोंड उघडले. मास्तरांनी मागे न पाहता आपले ट्रम्पेट त्याच्या छातीला आडवे लावले, आणि स्वतः काहीच बोलले नाहीत. नवरीच्या बापाने त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या दारात मांडव होता. दोष मी त्यांना देतो, जे एवढ्या वर्षांनंतरही तोच अर्थ वाटत फिरतात. मास्तर वाजवण्यापूर्वी चहासुद्धा घेत नसत.

बसथांब्याकडे जाताना मी त्यांच्याशी भांडलो. खोटे बोलून तुम्ही बँडचे नाव घालवलेत, असे सांगितले. त्या दिवशी त्यांनी मला आधी वाजवायला सांगितले नाही. म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या मयताला ते ट्रम्पेट मी त्याच्या हातातून घेतलं. मला वाटलं, त्याचा भार हलका करतो. बापाला पोरीसाठी तेवढंच करता येत होतं, तेच मी काढून घेतलं. ती चाल घेऊन तो घरात फिरत होता इतके दिवस. मग चूक कोनाची?"

जावईबापू, हे तुमच्यासाठी लिहिले आहे. तुमचे सासरे माणूस ओळखण्यात चुकले होते. रीत पाळण्याच्या नादात पुरते चुकले होते. त्यांचे मोठेपण ती चूक ओळखण्यात होते, आणि तिची किंमत दुसऱ्याला भरू न देण्यात. तुम्ही त्यांना बिनचूक ठरवलेत, तर ते दिसेनासे होते.

किंमत मोठी होती. त्या गावाने आम्हाला बोलावणे बंद केले, आणि शेजारच्या गावांनी त्याचे पाहून. लग्ने गेल्याचे मास्तरांना विशेष वाटले नाही. पेणकरपाड्यातल्या हळदी होत्या, भाईंदरचे गणपती होते. सिल्व्हर पार्कमध्ये एका मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला आम्ही वाजवले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "अंकल, थोडा फास्ट बजाओ ना, कोई मर गया क्या?" बाळूचा चेहरा पडला. मास्तर मात्र हसले आणि त्यांनी लय वाढवली. परंतु गावची मयते गेली, ते त्यांना सोसले नाही. ज्या वाटेने त्यांनी आपल्या आईला, बापाला आणि अर्ध्या गावाला वाजवीत नेले होते, त्या वाटेवर आता कोणी मोबाइलवरून स्पीकरला गाणी लावू लागले.

अशा एका मयताच्या वेळी सायमन आणि मी त्यांच्या घरी गेलो होतो. अंत्ययात्रा दारावरून गेली. मास्तर टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. स्पीकर खरखरत होता, आणि मास्तरांच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर हलत होती. सायमनने ते पाहिले. अशी बोटे त्याच्याइतकी कोण ओळखणार? तो म्हणाला, "बस झालं मास्तर. आज मी जाऊन सगळ्यांना सांगतो." मास्तरांनी त्याचा हात धरला.

"काय सांगशील? तुझ्या पोरीचं नाव निघंल. ते लग्न, तो अपशकुन, सगळं त्या पोरीवर येईल. ती गेली, तिला कशाला परत आनतो लोकांच्या तोंडात?" मग टोपी घालीत म्हणाले, "माझं काय गेलं? चार लोक चार शब्द बोलतात. बोलू दे." आणि माझ्याकडे वळून, "गुरुजी, तुमी पन. सायमन हाय तोवर न्हाय बोलायचं."

डेनिस वेगळा झाला तो त्यानंतर. कामे नव्हती, त्याला संसार होता. मास्तरांनी त्याला निरोप देताना आपल्या ट्रम्पेटचा चांदीचा माउथपीस दिला, हे डेनिस सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

यंदा मास्तर गेले. गावाने त्यांना क्षमा केली होती, असे आता म्हणतात. ज्याने गुन्हाच केला नव्हता त्याला क्षमा करणे सोपे असावे. सिमेट्रीपर्यंत वाजवायला डेनिसचा बँड आला, आणि आमच्यातले उरलेले म्हातारे त्याच्यामागे उभे राहिलो. सायमन सर्वांत शेवटी आला. ट्रम्पेट टॉवेलात गुंडाळलेले होते. त्याचा दमा तेव्हा फार वाढला होता. तो मला एवढेच म्हणाला, "गुरुजी, माझ्या बाजूला ऱ्हावा."

मयताची चाल त्यानेच सुरू केली, आणि या खेपेला ती जशी वाजायला हवी तशी, संथ. पहिल्या दोन ओळी त्याने नेल्या. तिसऱ्या ओळीत जिथे सूर वर चढतो, तिथे त्याचा दम तुटला. मी क्लॅरोनेट ओठांवरून काढली. बाळूची काठी वरच्या वर थांबली. युफोनियम थांबले. आणि पुढे उभा असलेला डेनिस, ज्याला त्या लग्नातले खरे काही ठाऊक नव्हते, तोही थांबला. कोणी ती जागा भरली नाही. सायमनने श्वास घेतला, आम्ही त्याच्याबरोबर घेतला, आणि पुढची ओळ सगळे मिळून निघालो. दुसऱ्या फेरीत त्याला तो सूर कदाचित लागलाही असता. परंतु तिथे आल्यावर आम्ही सगळेच थांबलो, आणि तिसऱ्या फेरीतही थांबलो.

गावात म्हणतात, मास्तरांच्या मयताला त्यांचाच बँड फसला. शोकसभेतही कोणीतरी हळहळत तसे म्हणाले. हे खोटे आहे, आणि जो कोणी ते पुन्हा म्हणेल त्याने माझ्या समोर येऊन म्हणावे.

त्या दिवशी सिमेट्रीच्या फाटकापाशी मी डेनिसला गाठून विचारले होते, तू का थांबलास? त्याला चाल पाठ होती. त्याच्या छातीत दम होता. तो गोंधळला. मास्तरांचा माउथपीस रुमालाने पुसत राहिला.

"का म्हणजे? सायमन अंकल थांबले ना, गुरुजी," तो म्हणाला. "मग त्यांना एकटं सोडून पुढे कसं जायचं?"

हे आपल्याला कोणी शिकवले, ते डेनिसला आठवत नव्हते. मी त्याला सांगितले नाही. आयुष्यात एवढ्या एकाच वेळी मी दुसऱ्याची चूक दुरुस्त न करता घरी आलो.